गॉर्गोनियनची कात

देवश्रीने दार उघडलं आणि शालिग्रामकाकांना धड चपलाही काढू दिल्या नाहीत.

"काका, आधी हे बघा. मर गया लगता है."

ती त्यांना खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीपुढे घेऊन गेली. खडकावर तिचं गॉर्गोनियन उभं होतं. जांभळ्या फांद्यांचं, झुडपासारखं दिसणारं ते प्रवाळ एरवी अंगभर बारीक बारीक तोंडं उघडून पाण्यात डोलत असायचं. आज एकही तोंड उघडं नव्हतं. सगळ्या फांद्यांवर मेणासारखा पापुद्रा चढला होता आणि त्यावर शेवाळ धरलं होतं.

"चार दिवस झाले. खाणं दिलं तरी उघडत नाही."

काका वाकले. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी बावीस वर्षं अशा टाक्या सांभाळत आला होता. शंकर नगरातली ही पोरगी सरकारी कचेरीत नोकरीला लागली तेव्हा पाण्यात मीठ किती घालायचं, हे त्यांच्याकडूनच शिकली. दीड वर्षापूर्वी दोघांनी मिळून एकच झुडूप मागवलं होतं. काकांनी स्वतःच्या हाताने त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा आपल्याकडे ठेवला.

तिचा बोटभर तुकडा वीतभर झाला. काकांचा चौथ्या महिन्यात गळायला लागला. शेवटी नुसती काळी काडी उरली. ती त्यांनी कचऱ्यात टाकली आणि कोणाला सांगितलं नाही. देवश्रीने विचारलं की "मस्त आहे" म्हणायचे. बघायला येते म्हणाली की टाकीची सफाई काढायचे. ती दर रविवारी फोटो पाठवायची. काका तो बोटांनी मोठा करून करून पाहायचे, आणि त्याखाली "छान" एवढं लिहायला त्यांना संध्याकाळ व्हायची.

आता त्यांनी डोळे बारीक केले. एका फांदीच्या टोकाशी पापुद्रा सुटला होता आणि खाली कोवळा जांभळा रंग दिसत होता. त्यांना काय ते कळलं. झुडूप कात टाकत होतं. पंपाचं तोंड जरा त्याच्याकडे वळवलं असतं तर पाण्याच्या जोराने हा पापुद्रा आठवडाभरात निघून गेला असता.

"काका, काहीतरी बोला न."

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती त्यांच्या जिभेवर आलीही होती. पण मग येत्या रविवारी पुन्हा फोटो आला असता.

"गेलं ते," काका म्हणाले. "आता सडन, अन् बाकीचं पाणीही खराब करन. आजच काढून टाक."

देवश्री सोफ्याच्या कडेवर बसली. "मैंने क्या गलत किया?"

"मीठ जास्त पडलं असन. होते असं."

ती उठली, टाकीत हात घालायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "मला नाही फेकवणार. तुम्ही घेऊन जा, काका."

काकांनी खडकासकट झुडूप उचललं आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकीतलंच पाणी भरून घेतलं.

"फेकायचंय तर पाणी कशाला?"

"वास सुटते न वाटेत."

रिक्षात त्यांनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, "भैया, जरा धीरे."

घरी त्यांनी झुडूप आपल्या खडकावर बसवलं आणि बाकी सगळं तिच्यासारखं केलं. पंप कुठे, दिवा किती उंच, खाणं कोणत्या वेळी, हे तिच्या फोटोंतून त्यांना पाठ झालं होतं. सहाव्या दिवशी पापुद्रा सुटून तरंगत वर आला. सातव्या दिवशी सकाळी झुडूप उघडलं. शेकडो तोंडं, टोकापासून बुडापर्यंत. काकांनी खुर्ची ओढली आणि जेवणाचं ताटही तिथेच आणलं. एक फोटो काढला. तो पाठवायचा तर कोणाला, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी देवश्री फोन न करताच आली. एका हातात मिठाची बादली, दुसऱ्यात खाण्याची बाटली.

"टाकी देऊन टाकली एका ओळखीच्याला. माझ्या हातून नाही होत हे. एवढं उरलंय, तुम्हाला लागेल."

काका दारातच उभे होते. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. ती बादली खाली ठेवून सरळ टाकीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"हे तुमचं वालं, काका? त्याचाच दुसरा तुकडा न?"

"हव," काका म्हणाले.

"किती सुंदर झालंय."

काका शेजारी जाऊन उभे राहिले. झुडपाकडे नाही, ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. वर्षभर रविवारमागून रविवार जे त्यांना आतून जाळत होतं, ते हिच्याही चेहऱ्यावर कुठेतरी असणारच होतं. ओठाच्या कोपऱ्यात, निदान कपाळावर तरी. ते दिसावं म्हणून ते टक लावून पाहत राहिले. सापडलं नाही.

देवश्री काचेला नाक लावून तोंडं मोजत होती. तिच्या श्वासाने काच धुरकटली. ओढणीच्या टोकाने तिने ती पुसली आणि जागा करून देत बाजूला सरकली.

"तिथून तुम्हाला नीट दिसत नसेल," ती म्हणाली. "इकडून बघा, काका."