साताऱ्याचा चंद्र

"अहो, बुधवारी संकष्टी आहे," भिंतीवरचं कॅलेंडर बघत कुमुदताई म्हणाल्या.

दिगंबररावांचं पेन थबकलं. नेपल्सच्या दोन दिवसांच्या सहलीत त्यांनी मंगळवार किल्ल्यांना आणि चर्चना दिला होता. बुधवारी संध्याकाळी सहाला नावाजलेल्या ठिकाणी पिझ्झ्याचं टेबल राखून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी एकही संकष्टी मोडली नव्हती, आणि तिथला चंद्रोदय रात्री दहाचा! तोंड एवढंसं झालं.

मग बोटांवर काहीतरी मोजून ते एकदम खुलले. "साताऱ्यात साडेनऊला चंद्र उगवतो, तेव्हा तिथे सहाच वाजलेले असतात. आपला उपास आपल्या चंद्रावर!"

त्यांनी लगेच शेजारच्या खाशाबांना फोन लावला. "बुधवारी गच्चीत उभे राहा. चंद्र दिसला की मिस्ड कॉल द्या."

"का? तिकडं चंद्र दिसत नाही व्हय?"

"दिसतो हो. पण तिकडचा उगवेपर्यंत पिझ्झा गार होतो."