स्वस्तातली शांतता

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," सासरे आरामखुर्चीतून म्हणाले.

कोंबडी म्हणजे जेवणाच्या टेबलावरची काळी पेटी, जावयाने स्वस्तात मागवलेला, विजेतली खरखर गाळून देणारा लिनिअर पॉवर सप्लाय. मसाला म्हणजे ती तपासायला त्याने ऑफिसातून उसना आणलेला, विजेची चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप. सासऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरला जुना अडॅप्टर होता, त्यामुळे स्पीकरमधून सतत 'घूं' ऐकू यायचं. मेहुण्याने सुचवलेली पेटी पाचपट महाग. "स्वस्तातही शांत वीज मिळते," असं जावई सगळ्यांदेखत बोलून बसला होता. आता अब्रूचा प्रश्न होता.

वीज शांत असेल तर पडद्यावर बारीक, सरळ रेघ दिसायला हवी. दिसला केसाळ सुरवंट.

"आजूबाजूचंच काहीतरी त्रास देतंय," असं म्हणत त्याने दिवा बंद केला. सुरवंट तसाच. मग फ्रिज बंद केला. मग वायफाय.

"अरे, मी मीटिंगमध्ये होते!" बायको लॅपटॉप घेऊनच बाहेर आली.

"एकच मिनिट."

"तुझं एकच मिनिट मी लग्न झाल्यापासून बघतेय."

घर चिडीचूप झालं. तेव्हा कुठे एक बारीक घरघर ऐकू आली. सासऱ्यांच्या पायांखाली पाय चेपायचं यंत्र चालू होतं, आणि त्याची वायर थेट टेबलाजवळच्या बोर्डात गेली होती. जावयाने वायरकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना 'पाय काढा' म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती.

बायकोने वाकून प्लग उपटला.

सुरवंट गेला. पट्टीने आखल्यासारखी रेघ उरली.

"बघा बाबा!" जावई जवळजवळ ओरडलाच.

"मला काय कळतंय त्यातलं? मला कान आहेत. लाव."

त्याने पेटी प्लेअरला जोडली. सासरे वाट बघत राहिले.

"अरे, चालू कर ना."

"केलंय, बाबा."

सासऱ्यांना ते पटेना. ते उठले, स्पीकरला कान लावला, मग स्वतःच्या हाताने तरुणपणापासूनची लाडकी रेकॉर्ड ठेवली आणि सुई टेकवली. गाणं सुरू होताच त्यांनी दचकून सुई उचलली. पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा उचलली.

"हे मध्येच काय येतंय? सूर लावायच्या आधी?"

जावयाचा चेहरा पडला. तो स्पीकरजवळ वाकला. सुई पुन्हा टेकली. त्याने नीट ऐकलं आणि हसू दाबलं.

"बाई श्वास घेतायत, बाबा."

सासऱ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"ते कळलं," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं कुठे घेत होत्या?"