मांदेली

२०२३ साली माझा मसाल्याचा धंदा बंद पडायला आला, तेव्हा भाची मानसीने गाण्यांच्या ॲपवर माझ्या आवाजात जाहिरात लावली. ‘ऑर्डरीत “बांगडा” लिहा, सूट मिळेल,’ असं मी त्यात म्हटलं होतं. जाहिरात ऐकून किती जण आले, ते त्यावरून मोजायचं होतं.

आठवड्यात नव्वद ऑर्डरी आल्या. सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘मांदेली’.

“मावशी, हे कुठून काढलंस गं?”

मी लाजले. मी त्या बारीक मासळीसारखी किडकिडीत होते, म्हणून हे मला एकांतात तसं म्हणायचे.

मानसीने एका गिऱ्हाईक बाईंना फोन लावला.

“जाहिरातीच्या शेवटी ते काका हसत सांगतात ना, ‘मांदेली’ लिहा म्हणून!” बाई म्हणाल्या.

मानसी आता पवईत मोठी साहेब आहे. मुलुंडला माझे दोन गाळे झाले. हे २००१ सालीच गेले. जाहिरात केव्हाच बंद केली, पण आज सकाळीही सात ‘मांदेली’ आल्या.