फिंचची नोंद

सकाळपासून ओटमारच्या पायाला भिंगरी लागली होती. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या चढावर तो एका पाइनखाली थांबायचा, कान द्यायचा आणि लगेच पुढच्या झाडाकडे निघायचा. एप्रिल निम्मा सरला, तरी चिमणीहून लहान, पिवळी सिट्रिल फिंच काही गात नव्हती. शेंड्यावरचा तो पक्षी डोळ्यांना क्वचितच दिसायचा. वनखात्यासाठी ओटमार दरवर्षी करायचा ती गणती कानांनीच व्हायची. यंदा गुडघा दुखत होता, म्हणून मुलगी रोसविथा पहिल्यांदाच सोबत आली होती.

"लिही, शून्य," तो शेवटी म्हणाला. "सलग चौथं वर्ष. संपली बिचारी."

"थट्टा करताय का बाबा? मघापासून तुमच्या डोक्यावरच गातेय की!"

त्याने वर पाहिलं. फिंचची चोच उघडत होती, इवलासा गळा थरथरत होता. त्याला मात्र नुसता वारा ऐकू येत होता.

रोसविथाने त्याचा हात धरला. "कानाच्या डॉक्टरांना दाखवू. वय झालं की व्हायचंच असं, त्यात काय एवढं?"

ओटमार समोरच्या डोंगराकडे पाहत होता. तिथे आता पक्षी उरलेले नाहीत, असं त्याने तीन वर्षं लिहून दिलं, तेव्हाच स्कीच्या उतारासाठी तिथलं सगळं रान तोडलं गेलं होतं.