खुर्चीत बसलेलं ऊन

"सूर्य कुणाच्या बापाचा नाही," तळमजल्याच्या खिडकीत उभं राहून सलूनवाल्या काकांनी जाहीर केलं.

"मग आपल्याकडे का येत नाही?" काकूंनी विचारलं. त्या नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. या खोलीत आजचा टॉवेल उद्यापर्यंत वाळत नसे. केसांचंही तेच.

प्रश्न रास्त होता. ऊन रोज सकाळी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येई, खाली एक नजर टाकी आणि पाहणीला आलेल्या साहेबासारखं परत जाई.

खिडकीच्या कट्ट्यावर काकांची बाग होती. दाढीच्या मगात मिरची, पावडरच्या डब्यात पुदिना आणि सलूनमधून आणलेल्या बेसिनमध्ये टोमॅटो. उजेडाच्या शोधात टोमॅटोचं रोप नुसतंच लांब वाढून वाकलं होतं. त्याला काकांनी मोठ्या कंगव्याचा टेकू दिला होता. फुलं येत आणि गळत. गळण्यावर काकांनी जन्मभर गिऱ्हाइकांना उपाय सुचवले होते, पण त्यातला एकही इथे लागू पडला नाही. तिथेही पडला नव्हता. आता एकच कळी उरली होती.

"आज ऊन आलं नाही, तर बेसिन वन्संच्या गच्चीवर," काकू म्हणाल्या. "दुपारी गाडी घेऊन येतायत त्या. मला माझ्याच खिडकीत टेकायला जागा नाही."

वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. तिच्या गच्चीवर ऊन भरपूर आणि उपदेश त्याहून भरपूर. टोमॅटो तिथे धरला असता तर तो तिचा झाला असता, आणि काकांना तो मरेपर्यंत ऐकावा लागला असता.

काका आवारात गेले.

सलून बंद केलं तेव्हा समोरासमोरचे दोन मोठे आरसे आणि मागे रेलणारी फिरती खुर्ची घरी आली होती. त्यातला एक आरसा आज सकाळीच समोरच्या तिसऱ्या मजल्यावर गेला होता. तिथल्या शिवणकामवाल्या मावशींनी तो गॅलरीच्या कठड्याला नाडीने बांधून दोन्ही हातांनी धरला होता. दुसरा काकांनी आवारात मांडलेल्या खुर्चीत बसवला, पडू नये म्हणून त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि खुर्चीची पाठ मागे रेलवली.

"हे जमेल का हो?" वरून मावशींनी विचारलं.

"दुकानात रोज जमायचं. मागच्या आरशातली मान पुढच्या आरशात दिसायची. ऊन तरी काय, डोकंच की. मान जरा खाली."

"माझी की आरशाची?"

"आरशाची. आता डावीकडे. हां. हलू नका."

"शिंक आली तर?"

"गिळा."

दाराएवढा उजेडाचा तुकडा भिंतीवरून उतरू लागला. वाळत घातलेल्या बनियनवरून गेला, झोपलेल्या मांजराला उठवून पुढे सरकला आणि दूध घेऊन येणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोक्यावर थांबला. त्या डोक्यावर काकांना आजवर कात्री चालवायची वेळ आली नव्हती.

"परवानगी आहे का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कशाची?"

"उन्हाची."

"आवारात ऊन आणायला परवानगी लागते?"

"आणायला नाही. वळवायला लागते."

"अहो, बाजूला व्हा," मावशी वरून ओरडल्या, "माझे हात भरून आलेत. तिथेच उभे राहिलात तर तुम्हालाही काहीतरी फुटेल."

सेक्रेटरींनी डोक्यावरून हात फिरवला. जरा वेळ थांबून, विचार करून, मगच ते बाजूला झाले.

ऊन खुर्चीत येऊन बसलं. काकांनी गिऱ्हाइकाला फिरवावं तशी खुर्ची अलगद फिरवली. उजेड भिंतीवर गेला, पाण्याच्या पाइपावर चढला, घसरला, आणि खिडकीतून आत शिरला.

खोलीत पहिल्यांदा जळमटं दिसली. मग भिंतीचा रंग दिसला. तो पोपटी निघाला. रंगाऱ्याने निळा सांगितला होता. मग काकांनी खुर्ची आणखी थोडी रेलवली आणि टोमॅटो पेटल्यासारखा उजळला. देठावरची बारीक लव एकेक करून चमकली. लव काढण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाचे डोळे ती पाहून भरून आले.

"आलं का?" मावशींनी विचारलं.

"आलं."

गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. सेक्रेटरींनी दुधाची पिशवी काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं.

आत काकू फोनवर बोलत होत्या. आवाज समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असा होता. "वन्सं, येऊ नका. बेसिन कुठे जात नाही. ऊन? आहे की. आमच्याकडे आहे."

फोन ठेवून त्या खिडकीपाशी आल्या. कळीकडे पाहिलं. मिरचीचा मग उचलून खाली ठेवला, बेसिनच्या शेजारी मोकळ्या झालेल्या जागेत पाठमोऱ्या टेकल्या आणि डोक्याचा टॉवेल सोडला.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा डावीकडे घ्या ना. केस ओले आहेत."