वेलीला हात लावू नये

"काकू, तुमच्या पर्समधून हिरवं हिरवं काय डोकावतंय?"

क्षिप्रा हे विचारणार नाही, अशी हेमाली आणि प्राप्ती ह्या तिच्या मैत्रिणींची पैज होती. "विचारून दाखव, नाहीतर दहावी संपेपर्यंत तुला फुसकी म्हणणार," असं दोघींनी भेळेच्या स्टॉलमागून बजावलेलं. क्षिप्राने विचारलं. तेही मोठ्यांदा, सोसायटीच्या आनंदमेळ्यात, अख्ख्या बी विंगसमोर.

मंदाकिनीकाकूंनी पर्सकडे पाहिलं. चेनीच्या फटीतून मनी प्लांटची दोन पानं बाहेर आली होती. ती आत्ताच क्षिप्राच्या रोपविक्रीच्या टेबलावरच्या बाटलीतून खुडलेली होती. काकू इथल्याच, वर्तकनगरच्या एका शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मूल्यशिक्षणाचा तास त्यांच्याकडे असायचा.

आता ह्या लाजेने लाल होणार, असं क्षिप्राला वाटलं. काकू चक्क हसल्या.

"अगं वेडे, मनी प्लांट कोणी विकत घेतं का? विकतचा लागत नाही. तो चोरूनच न्यायचा असतो. एवढंही घरी शिकवलं नाही तुला?"

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीचा विकतचा मनी प्लांट दोनदा कुजला होता. दुसरीने चोरून आणला आणि नवऱ्याला प्रमोशन मिळालं. बँकेत मॅनेजर असलेल्या एका काकांनी तर शर्टाच्या खिशातून स्वतःचं पान काढून सगळ्यांना दाखवलं. परीक्षेत पहिला आल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

क्षिप्राने टेबलाकडे नीट बघितलं. जॅमच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या, आणि सगळ्या वेली अर्ध्या बोडक्या. सकाळपासून लोक येत होते. "किती गोड गं!" म्हणत होते, "स्वतः वाढवलंस?" म्हणत गालाला हात लावत होते. एक हात गालाला. दुसरा कुठे होता, ते आत्ता कळलं. विकलं मात्र काहीच गेलं नव्हतं.

आणि विकलं जाणं गरजेचं होतं. उन्हाळाभर तिने बाल्कनीत वेली वाढवलेल्या. एकेक बाटली वारली चित्रांनी रंगवलेली. बाबा म्हणाला होता, मेळ्यात रोपं खपली तर बाल्कनी तुझी. नाही खपली तर ग्रिल लावून, काचा बसवून तिथे अभ्यासाचं टेबल. कुंड्या खाली वॉचमनकडे.

आवाज ऐकून आई-बाबा धावत आले.

"क्षिप्रा, काकूंना सॉरी म्हण," बाबा म्हणाला.

"बाबा, त्या चोरतायत!"

"दोन पानं गं ती! आणि तू हौस म्हणून करतेस ना? की दुकान टाकलंयस?"

"आपला पण मी चोरूनच आणलेला," आई कौतुकाने म्हणाली. "मोहने गावाला आत्याकडे गेलेलो ना, तेव्हा. म्हणून तर एवढा फोफावला."

"लहान आहे हो, मी नाही मनावर घेत," काकूंनी मोठ्या मनाने माफ करून टाकलं.

"चल, आवर," बाबा म्हणाला. "उद्या ग्रिलवाल्याला बोलावतो."

क्षिप्राला रडू यायला हवं होतं. तिने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. इंजिनिअर, टीचर, मॅनेजर. हातात महागडे फोन. ह्याच लोकांनी तिला मोठं झाल्यावर काय काय व्हायचं ते आजवर सांगितलेलं. आणि त्यांना एक वेल न्यायची तर आधी इकडेतिकडे बघावं लागतं! तिला रडू आलंच नाही. कीव आली, आणि मग जाम हसू आलं.

तिने 'घरची रोपं' लिहिलेला पुठ्ठा उलटा केला आणि स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'रंगवलेली बाटली पन्नास रुपये. आतली वेल विकायची नाही. वेलीला हात लावू नये.'

"हे काय आता?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्ही नुसती पानं खुडलीत. नुसत्या देठातून नवी वेल फुटत नाही. त्याला पेर लागतं, म्हणजे खोडावरची गाठ, आणि पेरं सगळी ह्या बाटल्यांत आहेत. पण मी फक्त बाटली विकते. वेल काढून टेबलावर ठेवायची आणि बाटली न्यायची. कोणी वेलीसकट नेली, तर ती चोरी."

"चोरी?"

"शंभर टक्के. पण मी बघणार नाहीये."

क्षिप्राने टेबलाकडे पाठ केली.

 मग पर्सची चेन वाजली, नोट सरकली, बाटली उचलल्याचा आवाज आला. त्यामागोमाग दुसरी. मग मॅनेजरकाकांचा आवाज, "अहो, मध्ये घुसू नका! मी आधी चोरणार होतो!"

ती वळली तेव्हा टेबलावर फक्त नोटा उरल्या होत्या. एकही वेल कोणी बाहेर काढून ठेवली नव्हती. मंदाकिनीकाकू ओढणीखाली बाटली झाकून, कोणाशी न बोलता भराभर लिफ्टकडे निघाल्या होत्या. ज्यांना मिळाली नाही ते विचारत होते, परत चोरायला कधी यायचं?

भेळेच्या स्टॉलमागे हेमाली आणि प्राप्ती पोट धरून हसत होत्या. बाबा नोटांकडे बघत नुसता उभा होता. आईने त्या गोळा करायला हात पुढे केला, तो क्षिप्राने अडवला.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "बाबा, ग्रिलवाल्याला नको म्हणून सांग, आणि सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली आण. एवढ्या चोरांना आपली एक बाल्कनी पुरणार नाही."