नोंद नसलेला कावळा

कावळा शिवला आणि तो आलाच नव्हता असं ठरलं.

“काकू, गच्चीवर पक्ष्यांना खायला घालायला कंपनीची बंदी आहे,” कॉम्प्लेक्स सांभाळणाऱ्या कंपनीचा मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला. “तेव्हा कावळा आलाच नाही. मीही पाहिला नाही.”

नलूकाकूंच्या नवऱ्याचा तो दहावा दिवस. पिंडाला तासभर कावळा शिवेना. कंपनीने बागेतल्या काकांच्या रोजच्या बाकड्यावर ‘विनाकारण बसू नये’ अशी पाटी लावल्यापासून ते झुरत गेले. “तुमचं बाकडं परत मिळवीन हो,” काकू हात जोडून पुटपुटल्या, तेव्हा कुठे चोच लागली.

घरी येऊन त्यांनी कंपनीला अर्ज लिहिला: ‘आपल्या नोंदीप्रमाणे कावळा शिवलेला नाही. अर्थात आमचे यजमान अद्याप येथेच आहेत. तरी त्यांना रोज संध्याकाळी बाकड्यावर विनाकारण बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’